सुई लागली की कॅन्सर फुटतो म्हणे!

दहा-बारा दिवस झाले, बडोद्यातल्या मराठी घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. भिशीच्या ग्रुपवरून भजनी मंडळाच्या ग्रुपवर, तिथून दांडिया बाजारातल्या गणपतीच्या ग्रुपवर, आणि अखेर नात्यातल्या एका काकांच्या मोबाइलवर. काकांच्या उजव्या फुप्फुसात साडेतीन सेंटिमीटरची गाठ आहे. गुरुवारी सीटीखाली सुईने तपासणी ठरली होती. बुधवारी रात्री काकूंनी फोन करून ती रद्द केली. एरवी असल्या मेसेजांना उत्तर देत बसायला वेळ कोणाला आहे? पण आता द्यावंच लागेल.

मेसेजातला सगळा माल थोडक्यात असा: "फुप्फुसात गाठ निघाली तर चुकूनही सुई लावू देऊ नका. सुई लागली की गाठ फुटते, हवा लागते आणि कॅन्सर अंगभर पसरतो. आता थुंकी आणि रक्त तपासून सगळं कळतं. थुंकीत किंवा छातीच्या पाण्यात काही निघालं नाही म्हणजे कॅन्सर नाही. पेट स्कॅनमध्ये गाठ चमकली की कॅन्सर पक्का, मग सुई कशाला? ती फक्त बिलासाठी. एकदा नमुना घेऊन दुसऱ्यांदा मागितला तर समजा लुटताहेत. आणि विडी-सिगारेट न ओढणाऱ्याला हा रोग होतच नाही." खाली हात जोडलेले आणि "जनहितार्थ".

"गाठ फुटते, हवा लागते"

आधी हवेचं. गाठ कुठे आहे? फुप्फुसात. फुप्फुस दिवसभर करतं काय? हवा आत घेतं, बाहेर सोडतं. माणूस दिवसाला वीस हजारांच्या आसपास श्वास घेतो. हवा लागून कॅन्सर पसरत असता तर फुप्फुसाच्या गाठीला सुईची वाट बघावी लागली नसती. ही समजूत बहुधा पोटाच्या ऑपरेशनांवरून आली असावी. सीटी नव्हता तेव्हा पोट उघडायचे, आत सगळीकडे पसरलेलं दिसायचं, तसंच शिवून टाकायचे. रुग्ण महिन्या-दोन महिन्यांत जायचा आणि घरचे म्हणायचे, हवा लागली. तेच कोणीतरी उचलून फुप्फुसाला चिकटवलंय.

आता फुटण्याचं. गाठ म्हणजे पाण्याचा फुगा नव्हे. ती भरीव असते, कच्च्या पेरूसारखी. पेशी काढायची सुई साधारण २२ गेजची, म्हणजे बाहेरून ०.७ मिलिमीटर जाड. हाताच्या शिरेतून रक्त काढायला जी वापरतात, जवळजवळ तेवढीच. फक्त लांब. काकांना सीटीच्या टेबलावर झोपवायचं, गाठ नेमकी कुठे आणि किती खोल ते मोजायचं, कातडी बधिर करायची, श्वास रोखायला सांगून सुई आत घालायची आणि टोक गाठीत आहे याची पुन्हा सीटीवर खात्री करायची. मग मागून सिरिंजने हलकं खेचत सुई काही मिलिमीटर पुढेमागे करायची. बाहेर काढायच्या आधी खेच सोडून द्यायची, म्हणजे वाटेत पेशी ओढल्या जात नाहीत. बऱ्याच ठिकाणी आता एक जाडशी बाहेरची सुई गाठीच्या तोंडापर्यंत नेऊन तिथेच ठेवतात आणि तिच्या पोटातून बारीक सुई तीन-चार वेळा आत-बाहेर करतात. फुप्फुसावरचं आवरण एकदाच टोचलं जातं.

मग सुईच्या वाटेवर पेशी कधीच रुजत नाहीत का? रुजतात. हे कबूल करायला हवं, नाहीतर मेसेजवाल्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला? प्रश्न किती वेळा, हा आहे. जपानमधल्या रुग्णालयांनी सीटीखाली केलेल्या फुप्फुसाच्या ९,७८३ सुई-तपासण्यांचा हिशेब २००६ मध्ये छापून आला. त्यात सुईच्या वाटेवर कॅन्सर रुजल्याची उदाहरणं होती ६. सहाशे नव्हे, सहा. टक्केवारीत ०.०६. सगळ्या प्रकारचे गंभीर त्रास धरले तरी पाऊण टक्का. त्यात ७ मृत्यूही होते, तेही लपवायचं कारण नाही. अगदी पहिल्या टप्प्यातली गाठ, तीही फुप्फुसाच्या आवरणाला चिकटून असली, तर सुईनंतर त्या आवरणावर कॅन्सर पुन्हा दिसण्याचं प्रमाण थोडं वाढतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. म्हणून अशा रुग्णात छातीचे सर्जन कधीकधी सुई टाळून थेट ऑपरेशनच करतात आणि तिथल्या तिथे गोठवलेला तुकडा तपासून घेतात. तसंच, वृषणाच्या गाठीत सुई घालत नाहीत आणि यकृताच्या कॅन्सरमध्येही जपून घालतात, कारण तिथे हा धोका बराच जास्त. मेसेज लिहिणाऱ्याने यातलंच काहीतरी अर्धवट ऐकलं असावं. पण कुठल्या अवयवात, कुठल्या टप्प्यात, कोणाला, हे सगळं गाळून उरलं काय? "सुई लावू नका."

"अमक्याला सुई लावली आणि तीन महिन्यांत गेले," हे प्रत्येकाने ऐकलेलं असतं. ते खोटंही नसतं. पण फुप्फुसात दुखणाऱ्या नसा जवळजवळ नाहीत, त्यामुळे गाठ मोठी झाली तरी माणूस खोकल्याची बाटली पीत बसतो. सुईपर्यंत पोचतो तेव्हा बऱ्याच जणांच्या हाडांत, यकृतात, मेंदूत रोग आधीच गेलेला असतो. सुई ज्या दिवशी लागली त्याच दिवशी घरच्यांना पहिल्यांदा खरं कळतं, म्हणून दोष सुईवर जातो.

आणि मेसेजाच्या पोटातलं भांडण बघा. तोच म्हणतो, सुईने कॅन्सर अंगभर पसरतो. तोच म्हणतो, रक्त तपासा, त्यात सगळं कळतं. अहो, रक्तात कळतं ते कशामुळे? गाठ सुई लागायच्या कितीतरी आधीपासून पेशी आणि डीएनएचे तुकडे रक्तात सोडत असते म्हणून. रक्ततपासणीवर विश्वास ठेवायचा असेल तर सुईचा आरोप मागे घ्यावा लागेल. दोन्ही एकदम चालणार नाही.

सुईचा खरा धोका वेगळाच आहे आणि मेसेजात त्याचं नावही नाही. फुप्फुसातून हवा निसटून छातीच्या पोकळीत जमते, न्यूमोथोरॅक्स. अमेरिकेतल्या १५,८६५ रुग्णांच्या नोंदींत तो १५ टक्क्यांत झाला आणि नळी घालावी लागली ती ६.६ टक्क्यांत. बहुतेकांची हवा आपोआप जिरते. सिगारेटने फुप्फुसं फुगलेली असतील, गाठ खोलवर असेल, तर शक्यता वाढते. म्हणून तपासणीनंतर टोचलेली बाजू खाली ठेवून झोपवतात, खोकू नका, बोलू नका म्हणतात आणि काही तासांनी एक्स-रे काढतात. "दोन तास उगाच बसवून ठेवलं" अशी तक्रार करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

"थुंकी तपासली की सगळं कळतं"

मराठीत थुंकी वेगळी आणि बेडका वेगळा. या एका फरकावर ही तपासणी उभी आहे आणि नेमका तोच मेसेजवाल्याला माहीत नाही. थुंकी तोंडातली. ती मायक्रोस्कोपखाली ठेवली तर गालाच्या आतल्या पेशी, जंतू आणि सकाळच्या पोह्यांचे कण दिसतात. लागतो तो छातीतून आलेला बेडका: सकाळी उठल्यावर, काही खाण्यापूर्वी, तोंड साध्या पाण्याने खळखळून, खोल श्वास घेऊन खोकून काढलेला, तीन दिवस लागोपाठ. नमुना खरोखर फुप्फुसातून आलाय हे पॅथॉलॉजिस्ट एका खुणेवरून ओळखतो. वायुकोशांत धूळ-काजळी गिळून बसलेल्या मोठ्या पेशी असतात, मॅक्रोफेज. त्या दिसल्या तर नमुना खरा. नाही दिसल्या तर रिपोर्टात "असमाधानकारक" यायला हवं. ते निगेटिव्ह नव्हे.

आणखी एक घोळ. आपल्याकडे "थुंकी तपासली" म्हणजे दहांत नऊ वेळा टीबीसाठी तपासलेली असते. त्या स्लाइडवर झील-नील्सनचा रंग असतो, निळ्या पार्श्वभूमीवर टीबीच्या लाल काड्या शोधायच्या. कॅन्सरच्या पेशी शोधायला पापानिकोलाऊचा रंग लागतो आणि बघणारा पेशींच्या केंद्रकांचा आकार, काळसरपणा, कडा बघतो. टीबीच्या स्लाइडवर कॅन्सर "नाही" निघण्याला काही अर्थ नाही. तो तिथे शोधलेलाच नव्हता. टीबीचा जंतू न सापडता अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू होतात, दोन-तीन महिने जातात, डाग वाढतो, मग गाठ आठवते. हा वेळ सुईने खाल्लेला नाही.

बेडक्याची नीट केलेली तपासणीही किती पकडते? अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्सच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत सगळे अभ्यास एकत्र करून आकडे दिलेत. कॅन्सर असलेल्या १०० जणांत बेडक्यातून ६६ सापडतात. छातीतून सुई घालून सुमारे ९० सापडतात. बेडक्याच्या बाजूनेही बोलायला हवं: त्यात कॅन्सरच्या पेशी दिसल्या तर ते सहसा खोटं निघत नाही. गाठ मोठ्या श्वासनळीत असेल, खोकल्यातून रक्त पडत असेल, माणूस सुईला टिकणारा नसेल, तर बेडका पहिल्यांदा तपासावाच. फुकटाची तपासणी आहे म्हणा ना. पण काकांची गाठ आहे फुप्फुसाच्या कडेला. तिथल्या पेशी खोकून घशापर्यंत येण्याची शक्यता कमी.

रक्तातला सीईए हा मार्कर सिगारेट ओढणाऱ्यांत नुसताच वाढलेला असतो आणि कॅन्सर असून नॉर्मलही असतो. त्याच्यावर निदान कोणी शहाणा डॉक्टर करत नाही. लिक्विड बायॉप्सी, म्हणजे रक्तात आलेल्या गाठीच्या डीएनएची तपासणी, खरी आहे, उपयोगाची आहे, पण ती मुख्यतः कॅन्सर ठरल्यानंतर जनुकातला बदल शोधायला. २०१८ मध्ये कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स आणि आणखी दोन संस्थांनी मिळून दिलेल्या सूचनांत स्पष्ट आहे: पहिलं निदान करायला रक्तातल्या डीएनएचा पुरावा पुरेसा नाही, आणि नमुना कमी पडला किंवा मिळतच नसला तर तिचा आधार घेता येईल. तिच्यात काही सापडलं नाही याचा अर्थ गाठ रक्तात पुरेसं डीएनए सोडत नाही, इतकाच असू शकतो.

"पाण्यात काही नाही म्हणजे कॅन्सर नाही"

छातीत पाणी झालेलं असेल तर ते तपासायलाच हवं, सुईपेक्षाही सोपं. पण पहिल्या नमुन्यात कॅन्सर असलेल्यांपैकी साधारण ६० टक्केच सापडतात. दुसऱ्यांदा काढलेल्या पाण्यात आणखी काही, तिसऱ्यात फारसं काही नाही. म्हणजे एकदा निगेटिव्ह आलेला कागद फ्रेम करून लावायच्या लायकीचा नसतो.

शिवाय पाणी पाठवतात कसं? दीड लिटर पाणी काढून बाटली मोरीत ओतायची आणि लॅबला सिरिंजमध्ये ५ मिली! पेशींसाठी निदान ५० मिली तरी द्यावं, जास्त असेल तर जास्त. बाटली गोठू न देता फ्रिजच्या साध्या कप्प्यात, त्याच दिवशी लॅबमध्ये. पाणी साकळत असेल तर आधी हेपरिन (गोठू न देणारं औषध) लागतं, नाहीतर पेशी जाळ्यात अडकतात. मे महिन्यात बडोद्यात पारा ४२ च्या पुढे जातो. नातेवाइकाने ती बाटली गाडीच्या काचेशी ठेवून, वाटेत दोन कामं उरकून, संध्याकाळी लॅबमध्ये आणून दिली की पेशी फुगून फुटलेल्या असतात.

"पेटमध्ये चमकलं की पक्कं"

पेट स्कॅनमध्ये साखर खाणारी जागा चमकते. कॅन्सर साखर खातो. टीबीची गाठही खाते, बुरशीचीही खाते. आणि आपल्या भागात आणखी एक: खंबातमधले अकीक घासणारे, गोध्र्याकडचे क्वार्ट्झ दळणारे कामगार. त्यांच्या फुप्फुसात सिलिकाच्या धुळीने गाठी होतात आणि त्याही पेटवर झकास चमकतात. यातल्या कोणाला नुसत्या चमकेवरून केमो द्यायची? वाईट म्हणजे सिलिका स्वतःच कॅन्सरचं सिद्ध कारण आहे, म्हणून दोन्ही एकाच छातीत असू शकतं. पेटचा खरा उपयोग सुई कुठे मारायची ते ठरवायला. गाठीच्या मधोमध मेलेला भाग असतो, तिथे सुई गेली तर हाती नुसता कचरा लागतो. चमकणारी कड गाठायची. आणि हो, पेटचं बिल सुईच्या बिलापेक्षा सहसा मोठं असतं. बिलासाठी सुई लावतात म्हणणाऱ्याने पेटची जाहिरात करावी, हे गमतीचं आहे.

समजा चमक कॅन्सरचीच आहे. कुठला कॅन्सर? स्मॉल सेल असेल तर बहुधा ऑपरेशन नाही, लगेच केमो. हा प्रकार उपचारांविना सरासरी दोन ते चार महिने देतो, म्हणजे मेसेजवर विश्वास ठेवून घालवलेला एक महिना फार महाग पडतो. ॲडिनोकार्सिनोमा असेल तर ईजीएफआर, ॲल्क वगैरे जनुकांत बदल आहे का बघायचं. स्क्वॅमस असेल तर पेमेट्रेक्सेड या केमोच्या औषधाचा उपयोग होत नाही आणि बेव्हासिझुमॅब हे औषध दिलं तर फुप्फुसात जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. पेटवर हे तिन्ही सारखेच चमकतात.

मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये ९०७ भारतीय रुग्णांचे नमुने तपासून छापलं होतं की ॲडिनोकार्सिनोमात २३ टक्क्यांच्या आसपास ईजीएफआरचा बदल सापडतो. त्या रुग्णांना केमोऐवजी गोळी देता येते. आणि बदल नसताना अंदाजाने गोळी दिली तर? २००९ मध्ये आलेल्या आयपास या मोठ्या चाचणीत बदल नसलेल्यांत गेफिटिनिब या गोळीपेक्षा केमोच सरस ठरली. गोळी कोणाला द्यायची हे ठरतं पेशींवरून.

"दुसऱ्यांदा मागितला म्हणजे लूट"

यावर जरा थांबतो, कारण राग इथेच सगळ्यात जास्त असतो आणि कधीकधी तो योग्यही असतो.

सुईतून बाहेर येतं किती? एक-दोन थेंब. त्यात रक्त जास्त, पेशी थोड्या. तो थेंब स्लाइडवर टाकायचा, वर दुसरी स्लाइड अलगद ठेवायची, थेंब आपल्या वजनाने पसरू द्यायचा आणि दोन्ही स्लाइडा न दाबता सरकवून वेगळ्या करायच्या. इथे अंगठ्याने दाबलं की संपलं. स्मॉल सेलच्या पेशी इतक्या नाजूक असतात की त्यांची केंद्रकं ओघळून काजळाच्या रेघा होतात, आणि रेघांवरून निदान होत नाही. पापानिकोलाऊसाठीची स्लाइड त्याच क्षणी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवायची. "त्याच क्षणी" म्हणजे हातातला फोन ठेवून नव्हे. अर्धा मिनिट पंख्याखाली राहिली तरी ती वाळते, केंद्रकं फुगतात, आतली नक्षी पुसट होते. जिम्साच्या रंगासाठीच्या स्लाइडा मात्र मुद्दाम हवेत वाळवायच्या आणि त्यांच्याजवळ फॉर्मलिनची उघडी बाटली ठेवायची नाही, वाफेनेच रंग बिघडतो. नाव पेन्सिलने लिहायचं. पेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते आणि मग स्लाइड कोणाची हा प्रश्न उरतो.

उरलेला माल फेकायचा नाही. सुई फॉर्मलिनमध्ये खळबळून घ्यायची, लॅबमध्ये ते फिरवून तळाला बसलेल्या पेशींचा गोळा करायचा, मेणात बसवायचा. हा सेल ब्लॉक. त्याचे ४ मायक्रॉनचे काप काढता येतात, दहा, वीस, जितका माल असेल तितके. एका कापावर टीटीएफ-१ चा रंग, दुसऱ्यावर पी४०: पहिला उमटला तर बहुधा ॲडिनो, दुसरा उमटला तर स्क्वॅमस. काही काप ईजीएफआरला, ॲल्कला, एक पीडी-एल१ ला, म्हणजे प्रतिकारशक्ती जागवणारी औषधं लागू पडतील का याचा अंदाज देणाऱ्या प्रथिनाला. पीडी-एल१ वाचायला निदान १०० नीट टिकलेल्या कॅन्सर पेशी लागतात. दहाही काप पहिल्या रंगांवरच उधळले तर जनुकांसाठी मेण उरतं, पेशी उरत नाहीत.

तर दुसऱ्यांदा नमुना मागण्याची कारणं दोन गटांतली. एक, टाळता न येणारी: गाठ आतून मेलेली होती, रक्तच जास्त आलं, किंवा निदान झालं पण जनुकांसाठी माल पुरला नाही. किंवा दोन वर्षं गोळी चालली आणि आता रोग पुन्हा वाढतोय. काही रुग्णांत ॲडिनोकार्सिनोमा चक्क स्मॉल सेलमध्ये बदलतो आणि ते रक्तावरून कळण्याचा भरवसा नाही, पेशीच बघाव्या लागतात. दोन, टाळता येण्यासारखी: स्लाइड वाळली, दाबली गेली, सेल ब्लॉक केलाच नाही, फॉर्मलिनमध्ये नमुना शनिवारी दुपारी पडला आणि मंगळवारी उचलला. फॉर्मलिनमध्ये ६ ते ४८ तास ठीक. त्याहून जास्त झालं की डीएनएचे तुकडे पडायला लागतात आणि अहमदाबादला किंवा मुंबईला पाठवलेला ब्लॉक "चाचणी अयशस्वी" म्हणून परत येतो. या दुसऱ्या गटावर चिडायचा हक्क रुग्णाला पूर्ण आहे. तिथे लूट नसते, हलगर्जी असते, आणि हलगर्जीवर प्रश्न विचारता येतात. सुई घेतानाच तिथे पेशी पुरेशा आल्या का हे बघायला कोणी आहे का? पॅथॉलॉजिस्ट किंवा टेक्निशियन शेजारी उभा राहून एक स्लाइड दोन-तीन मिनिटांत रंगवून बघतो, आणि पुरेसं नसेल तर सुई बाहेर निघायच्या आत आणखी एकदा घेता येतं. सेल ब्लॉक करणार का? ब्लॉक जनुकांसाठी राखून ठेवणार का? हे तीन प्रश्न तपासणीच्या आधी विचारावेत. नंतर विचारून भांडण होतं, पेशी येत नाहीत.

सेल ब्लॉक झालाच नसेल तरी सगळं गेलं असं नाही. आधी जनुक-चाचणीसाठी ब्लॉकलाच पसंती होती. वर सांगितलेल्या २०१८ च्या सूचनांनी पेशी भरपूर आणि नीट टिकलेल्या असतील तर रंगवलेली स्लाइडही चालेल असं म्हटलं. म्हणून जुन्या स्लाइडा लॅबमधून परत मागून घ्या, फोडू नका, देव्हाऱ्याच्या कप्प्यात ठेवल्या तरी चालतील.

रिपोर्टही नीट वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत फुप्फुसाच्या पेशींच्या रिपोर्टाचे पाच गट आहेत: अपुरा नमुना, सौम्य, अटिपिकल, संशयास्पद, मॅलिग्नंट (म्हणजे कॅन्सर). घरात मात्र पहिल्या चारांना मिळून "निगेटिव्ह आलं, पेढे आणा" असं म्हणतात. "अपुरा" म्हणजे उत्तर मिळालंच नाही. "अटिपिकल" म्हणजे पेशी थोड्या वेड्यावाकड्या आहेत, सूज-टीबीनेही तसं होतं. "संशयास्पद" म्हणजे डॉक्टरला जवळजवळ खात्री आहे पण पुरावा एक पाऊल कमी. आणि "सौम्य" आलं, पण सीटीवर गाठीला काटेरी कडा आहेत आणि ती वाढतेय, तर सुई शेजारच्या निरोगी भागात गेली असण्याचीच शक्यता धरायची.

"विडी न ओढणाऱ्याला होत नाही"

होतो. चुलीचा धूर, सिलिका, जमिनीतून निघणारा रेडॉन वायू, बाहेरची हवा. बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१३ मध्येच पहिल्या वर्गात, म्हणजे कॅन्सरच्या सिद्ध कारणांत, घातलंय. उलट न ओढणाऱ्यांत ईजीएफआर आणि ॲल्कचे बदल जास्त सापडतात, म्हणजे नमुन्याची गरज त्यांना अधिकच. आणंद-खेडा जिल्ह्यांत तंबाखूची शेतं पसरलेली असताना तंबाखूचा दोष कमी आहे असं इथे कोणी म्हणणार नाही, तो आहेच. पण म्हणून आयुष्यभर तव्यासमोर उभ्या राहिलेल्या बाईचा खोकला सहा महिने "ॲलर्जी" म्हणून चालू द्यायचा का?

काकूंना काल समोर बसवून हे सगळं सांगितलं. त्यांचा एकच प्रश्न होता, "पण दुखेल का हो त्यांना?" बधिर करायची सुई टोचताना दुखतं, आवरणातून जाताना एक कळ येते, नंतर खांद्यात थोडं दुखू शकतं. पुढच्या मंगळवारची सकाळची वेळ मिळाली आहे. चार तास पोट रिकामं. काका हृदयासाठी क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, घेतात हे पहिल्या वेळी कोणी सांगितलंच नव्हतं. ती किती दिवस आधी थांबवायची हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरतंय, आपल्या मनाने नाही. प्लेटलेट आणि आयएनआरचा (रक्त किती वेळात गोठतं त्याचा) रिपोर्ट, सीटीची सीडी आणि दोन वर्षांपूर्वीचा एक्स-रे मिळाला तर तोही बरोबर. त्या रात्री घरी कोणीतरी जागं राहणार. दम लागला, छातीत अचानक दुखलं किंवा खोकल्यात रेघेपेक्षा जास्त रक्त आलं तर लगेच परत दवाखान्यात.